टपातली करडं

गावातलं साठलेलं पाणी ओतून टाकायला लावणारी आरोग्यखात्याची बाई म्हणजे मी. नावाने मला कोणी हाक मारत नाही. समोर 'आशाताई' आणि पाठ फिरली की 'डासवाली'. निरगुडसरला आमच्या वस्तीत माझी स्कूटी दिसली की बायका लगबगीने पिंपांवर झाकणं ठेवतात आणि मी गेले की काढतात, हे मला पक्कं माहीत आहे. पालथ्या घड्यावर पाणी. तरी मी सांगायची थांबत नाही. माहेरी, सासरी, लग्नाच्या मांडवात, कुठेही कुणाचं काही चुकताना दिसलं की सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नवरा म्हणतो, हिला आधी देवाने जीभ दिली आणि मग सरकारने रजिस्टर दिलं.

पाण्याबद्दलचं माझं भाषण ठरलेलं आहे. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा. जे ओतता येतं ते ओता. ओतता येत नाही ते झाका. झाकता येत नाही त्यात गप्पी मासे सोडा, आणि तेही जमत नसेल तर वर तेलाचे दोन थेंब टाका. मग एखादी म्हातारी विचारतेच, "तेलानं काय व्हतंय गं?" तिच्यासाठी पुढचं वाक्य तयार असतं. डासाची अळी पाण्यात राहत असली तरी श्वास घ्यायला तिला वर यावंच लागतं. वर तेलाचा पापुद्रा असला की तिला हवा मिळत नाही. हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर म्हटलंय की आता त्याचा अर्थ माझ्या डोक्यातून जातच नाही, नुसतं तोंडातून बाहेर पडतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी आणखी एक उद्योग केला. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, झाकणांना सुईने भोकं पाडली, गोडेतेल भरलं आणि वस्तीतल्या वयस्कर माणसांना एकेक वाटली. हात थरथरला तरी दोनच थेंब पडावेत, अशी माझी अक्कल. एक बाटली आमच्या घरी मागच्या पडवीतल्या फळीवर ठेवली. ती सासऱ्यांच्या ताब्यात होती.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी जन्मभर शेळ्या राखल्या. शेती आहे, पण ती माझा नवरा बघतो. मामांचा जीव शेळ्यांत. अडलेली शेळी मोकळी करायला त्यांना आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. जन्मलेलं करडू निपचित पडलेलं असलं तर मामा त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढायचे, गोणपाटाने त्याचं अंग चोळायचे, मग पोटाखाली हात घालून त्याला चार पायांवर धरायचे. पाय लटपटायचे, मामा सोडायचे नाहीत. असं करत करत त्याला आचळापर्यंत न्यायचे. लोक म्हणायचे, "मामा, तुमच्या हाताला गुण हाय." मामा त्या दिवशी एक भाकरी जास्त खायचे.

मग बिबट्या आला. आमच्याकडे ऊस तिथे बिबट्या, त्यात नवल काही नाही. पण तो गोठ्याच्या जाळीखालून आत शिरला आणि दोन शेळ्या घेऊन गेला. त्यातली एक गाभण होती. त्यानंतर मामा दिवस कलला तरी काठी घेऊन उसाच्या कडेने फिरायला लागले. शेवटी नवऱ्याने उरलेल्या शेळ्या विकल्या. मामा एका दहाव्याला गेले होते त्या दिवशी विकल्या, आणि ही युक्ती माझी. जनावर परत आणता येईल, माणूस येणार नाही, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. त्यात चूक काहीच नव्हती. पण पुढचे कित्येक महिने मामा ओसरीवर बसून स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघायचे, ते मला बघवायचं नाही.

माझा मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्याची काचेची टाकी घरी राहिली. तीत एंजल माशांची जोडी होती. उभे चपटे मासे, वर-खाली लांब पंख, रुपेरी अंगावर काळे पट्टे. मुलाने जाताना बजावलं होतं, दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं टाका, जास्त नको. मामांनी आधी तिकडे बघितलंही नाही. मग एकदा खाणं टाकायला मी विसरले आणि दोन्ही मासे काचेला तोंड लावून त्यांच्याकडे बघत राहिले. तिथून ते काम मामांनी घेतलं. आठवड्याभरात नराचं नाव बोकड पडलं.

मादीने अंडी घातली ती टाकीतल्या पंपाच्या नळीवर. मामा दिवसभर जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघतात तर नळी साफ. दोघांनी मिळून खाऊन टाकली होती. असं तीन वेळा झालं. मामा संतापले. "आयबाप हायेत का कोन हायेत ह्ये! शेळी कंदी आपलं करडू खाती का?"

मला मंचरला मीटिंग होती. बाजारपेठेत पाखरं आणि मासे विकणारं एक छोटं दुकान आहे, तिथे मी विचारलं. दुकानदार म्हणाला, टाकीत एक पाटी तिरकी टेकवून ठेवा, शाळेची असते ती. त्यावर घालतील. घातली की पाटी तशीच उचलून वेगळ्या टपात ठेवायची, आईबापांपासून लांब. मामांनी माळ्यावरून नातवाची जुनी पाटी शोधली, लाकडी चौकट काढून टाकली आणि राखेने घासली. पंधरा दिवसांत मादीने पाटीवर अंडी घातली, मोहरीपेक्षा बारीक, रांगेत, एकाला एक लागून. मामांनी पाटी दोन्ही हातांनी उचलून मागच्या पडवीतल्या पांढऱ्या टपात नेऊन ठेवली. चालताना त्यांनी श्वास रोखून धरला होता.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले, टपात डोकावले आणि ओरडलेच, "मामा, अळ्या!" पाटीवर बारीक शेपट्या वळवळत होत्या. गेली कित्येक वर्षं मी तेच शोधत हिंडते, दुसरं काय दिसणार?

"आळ्या तुझ्या गावात," मामा म्हणाले. "ही करडं हायेत."

त्या दिवशी किती महिन्यांनी ते हसले. फोनवर नातवाला सांगितलं, शंभर-दीडशे करडं झाली. त्याने विचारलं, पोहतात का. मामा म्हणाले, अजून न्हाई, अजून पाटीलाच चिकटल्यात, दुकानदार म्हनला आठव्या दिवशी उठतील. टपावर फडकं बांधावं असं मी म्हटलं तर मामांनी बांधू दिलं नाही. त्यांना उजेड हवा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मामा सकाळी टपापाशी चहा घ्यायचे, दुपारी तिथेच पोतं टाकून आडवे व्हायचे. मीसुद्धा आठव्या दिवसाची जशी वाट बघत होते तशी माझ्या लग्नाचीही बघितली नव्हती.

सहाव्या दिवशी तालुक्याहून साहेब तपासणीला येणार होते. डेंग्यूचे दिवस. ते पाच-पन्नास घरांत शिरतात, पिंपांत बॅटरी मारतात, अळी सापडली की रजिस्टरमध्ये लाल शेरा. मागच्या खेपेला शेजारच्या गावच्या ताईच्या स्वतःच्याच घरात अळ्या सापडल्या होत्या आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिचं नाक कापलं गेलं होतं. हसणाऱ्यांत मी पुढे होते. त्या सकाळी स्कूटीला किक मारता मारता मी मामांना सांगितलं, "मामा, आज सायेब येनार. आपल्या घरात आळी सापडली तर मला गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई. जिथं जिथं पानी साठलंय तिथं बघा. वता, न्हाईतर तेल टाका."

टप माझ्या मनातही नव्हता. ते वाक्य पाठ होतं, ते बाहेर पडलं. मी निघून गेले.

संध्याकाळी परत येताना चौकात साहेबांची गाडी भेटली. साहेबांनी काच खाली केली. "ताई, तुमच्या घरी जाऊन आलो. सासरे जबरदस्त आहेत तुमचे. मागच्या पडवीत एक टप होता, त्यात वळवळ दिसली. मी म्हटलं, सापडली अळी. तर म्हणाले, अळी नाही साहेब, माशाची पिल्लं आहेत, पण आमच्या सुनेचा नियम म्हणजे नियम, मी त्यातसुद्धा तेल टाकलंय. अशी घरं पाहिजेत." आणि त्यांनी चांगला शेरा लिहिल्याचं सांगितलं.

मी ते ऐकलं. अगदी शब्द न् शब्द ऐकला. आणि त्यातलं काय ऐकलं, तर 'अशी घरं पाहिजेत'. टप, पिल्लं, तेल हे शब्द कानावरून गेले. मी खुशीत मामांसाठी गरम भजी बांधून घेतली आणि घरी येऊन त्यांच्यापुढे ठेवली. "मामा, तुमी माझं नाक वर ठिवलं," मी म्हणाले. मामांनी भजी खाल्ली. पडवीत टप होता, फळीवर बाटली होती, आणि मी दोन्हीसमोर उभी राहून साहेबांची नक्कल करून दाखवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आठवा दिवस उजाडला. मामांनी लवकर अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली. पिल्लं पाटीवरून सुटायला लागली होती. पण सुटून वर जायच्या ऐवजी तळाला पडत होती. एखादं शेपूट झाडून बोटभर वर उठायचं आणि पुन्हा खाली. बाकीची तळावर पोट घासत सरकत होती. मामा म्हणाले, "आसू दे. करडूबी पयल्यांदा पडतंच."

नवव्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी तेच, फक्त उठणारी कमी झाली होती. टपाच्या तळाला पिल्लांचा थर पडल्यासारखा दिसायचा, आणि तो थर हलत असायचा. मेली असती तर निदान कळलं असतं. ती जिवंत होती, डोळे होते, भूक होती, फक्त वर येता येत नव्हतं.

अकराव्या दिवशी मी पडवीत गेले तर मामांनी बाही दंडापर्यंत सारून हात टपात घातला होता. तळहातावर एक पिल्लू घेऊन ते सावकाश वर आणत होते, पाण्याच्या अगदी टोकाला. तिथे धरून ठेवलं. मग तळहात हळूच खालून काढून घेतला. पिल्लू दोन क्षण शेपूट हलवत राहिलं आणि टाचणीसारखं सरळ खाली गेलं. मामांनी दुसरं घेतलं. मला बघून म्हणाले, "करडाच्या पायाला चोळता येतं. ह्यांचं काय चोळू?"

मी टपावर वाकून बघत राहिले. 

मग ते म्हणाले, "तू येवढ्या गावाला सांगतीस. मला सांग की काय करू."

मी सांगितलं. न सांगून चालणार होतं का? आधी म्हटलं निम्मं पाणी बदला. मग म्हटलं टप उन्हात ठेवा. मग म्हटलं ऊन फार होतंय, आत घ्या. चिमूटभर मीठ टाका म्हटलं. प्रत्येक गोष्ट तितक्याच ठसक्यात सांगितली, जसं गावाला सांगते. मामांनी प्रत्येक गोष्ट तितक्याच मुकाट्याने केली. वस्तीवरचे लोक तरी माझी पाठ फिरली की झाकण काढून टाकतात. मामा माझं सगळं ऐकणारे. नवरा म्हणाला, "झाडाला वतून द्या की ते, कशाला जीव खाता." मामांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. शेळ्या विकल्याच्या दिवशीही त्यांनी असंच बघितलं होतं.

बाराव्या दिवशी मी मोबाईलवर टपाचा व्हिडिओ काढला आणि मंचरला गेले. कांद्याचे ट्रक रस्त्यात आडवे लागलेले, त्यांच्यातून वाट काढत दुकानात पोचले. दुकानदाराने व्हिडिओ एकदाच बघितला.

"पाण्यावर काही होतं का ताई? तेलकट वगैरे?"

मी म्हटलं, "तेल कशाला असंल?"

तो दाणे मोजत होता, ते बाजूला ठेवून त्याने समजावून सांगितलं. माशाच्या पोटात एक बारीक पिशवी असते, फुग्यासारखी. पिल्लू पोहायला निघतं तेव्हा एकदा वर येऊन हवेचा घोट घेतं, त्याने ती पिशवी भरते. भरली की मासा पाण्यात हलका होतो, पाहिजे तिथे थांबतो. नाही भरली की असा तळाला. "पिल्लू पाण्यात राहत असलं तरी त्या वेळेला त्याला वर यावंच लागतं, ताई. वर तेलाचा पापुद्रा असला की त्याला हवा मिळत नाही."

माझंच वाक्य. माझ्याच शब्दांत. दुकानातली पाखरं ओरडत होती आणि मला चौकातला साहेबांचा आवाज ऐकू येत होता, मी त्यातसुद्धा तेल टाकलंय.

"आता तेल काढलं तर?" मी विचारलं.

"त्याला मुदत असते. उठायच्या वेळचे दोन-चार दिवस. मग ती वाट बंद होते. आता काही होणार नाही. ही जगतील तेवढी जगतील, अशीच." मग माझं तोंड बघून म्हणाला, "बहुतेक लोक टाकून देतात, ताई. पुढच्या वेळी वर वर्तमानपत्राचा कागद पसरून उचलायचा, तेल कागदाला लागून येतं. पंधरा दिवसांत परत घालतील, तुम्ही काळजी करू नका."

बाहेर येऊन मी ट्रकच्या सावलीत उभी राहिले आणि दिवस मोजले. तेल पडलं सहाव्या दिवशी. पिल्लं उठायची होती आठव्या दिवशी. मला कळलं सहाव्या दिवशीच्या संध्याकाळी. मधे दोन दिवस होते. एक वर्तमानपत्र पुरलं असतं. ज्या वर्तमानपत्रात भजी बांधून नेली, तेच पुरलं असतं.

घरी येऊन मी खाली वाकून टपातल्या पाण्यावर तिरकस बघितलं. मामांनी निम्मं निम्मं पाणी बदललं होतं, तरी कडेला पातळ रंगीत चकाकी होती. कागद पसरून ती उचलली. मामा मागे उभे होते.

"काय म्हनला दुकानवाला?"

माझी जीभ, जिला देवाने आणि सरकारने मिळून बळ दिलंय, ती टाळ्याला चिकटली. "पान्यात कायतरी बिघाड झाला म्हनला."

"कसला?"

"त्यालाबी न्हाई ठाव."

मामा खाली पोत्यावर बसले. तळहात उलटे केले, सरळ केले. "पान्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "माझ्या हाताचा गुन गेला. उभ्या जल्मात येक करडू मी असं सोडलं नव्हतं. शेळ्या गेल्या तवाच गेला असंल."

मी तिथेच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. मामा, तुमच्या हाताचा गुण कुठे गेला नाही, पाण्यावर तेल होतं. पण मग ते विचारणार, तेल कुणी टाकलं? ते त्यांच्याच हाताने पडलं होतं, माझ्यापायी. म्हणजे न सांगावं तर हाताचा गुण गेला, आणि सांगावं तर त्याच हाताने पिल्लांचा घात केला. मी दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडे मामाच बुडत होते. स्वतःला वाचवायला गप्प बसले असं कोणी म्हणेल तर तेही खोटं नाही. मला त्यांच्यापुढे माझं नाक वर ठेवायचं होतं, अजूनही.

पिल्लं रोज थोडी थोडी मरत गेली. मामांनी उरलेली उचलून पितळी परातीत ठेवली, चार बोटं पाण्यात, म्हणजे त्यांना वर चढायचे कष्ट नकोत. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळायचा, पाण्यात कालवायचा आणि माझ्या औषधाच्या ड्रॉपरने एकेकाच्या तोंडाशी थेंब सोडायचा, असा त्यांचा दिनक्रम झाला. गुडघे दुखतात तरी परातीवर वाकून बसायचे. महिन्याभराने त्यांतली अकरा उरली. अंगाला एंजलचा तिकोनी आकार यायला लागला होता, बारीक पट्टेही उमटले होते, पण सगळी कुशीवर पडून. मुलाने फोनवर विचारलं, आजोबा, पोहायला लागली का? मामा म्हणाले, "लागतील." फोन माझ्याकडे देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे.

मग मादीने पुन्हा पाटीवर अंडी घातली. मामांनी पाटी उचलून टपात नेली, या वेळी न हसता. तेलाची आमची बाटली मी केव्हाच फेकून दिली होती. तपासणीचा दिवस परत आला तेव्हा मी मामांना सांगितलंही नाही. सगळा बंदोबस्त केला अशा समाधानात मी घराबाहेर पडले, रस्त्याला लागले, आणि लक्षात आलं रजिस्टर घरीच राहिलं. परत आले तर मामा पडवीत टपावर वाकलेले. हातात बाटली. सुईने भोक पाडलेल्या झाकणाची, माझ्याच हातची. शेजारच्या आजीकडून आणली होती. वस्तीत घरोघर मीच वाटल्या होत्या.

"मामा, नगा!"

ते दचकले. थेंब अजून पडला नव्हता. "आगं सायेब यायचेत. पंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं की सकाळी. तू इसरली व्हतीस."

"ह्या टपात नगा टाकू."

"का?"

"नवा नियम आलाय. माशांच्या पान्यात तेल टाकायचं न्हाई."

"कवा आला?"

मला तारीख सुचली नाही. गावभरच्या थापा पकडणारी बाई मी, कोण पिंप खरंच घासतं आणि कोण नुसतं ओलं करून दाखवतं हे चेहऱ्यावरून ओळखते. मामा तर शेळीचे डोळे बघून तिच्या पोटातलं ओळखायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या बाटलीकडे, मग परातीकडे.

"म्हंजी मागल्या टायमाला..." ते म्हणाले आणि थांबले.

तेव्हा मी सगळं सांगितलं. उंबऱ्यात उभी राहून, रडत, एका दमात. पिशवीचं, हवेच्या घोटाचं, मुदतीचं. साहेबांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, मी ऐकलं आणि ऐकलं नाही, दोन दिवस हातात होते, चूक माझी, तुमची नाही. शेवटचं वाक्य मी तीन-चार वेळा म्हटलं. गावाला सांगताना मी एक गोष्ट इतक्या वेळा सांगते तेव्हा लोक ऐकायचं बंद करतात, हे मला माहीत असूनही.

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाटलीचं झाकण आवळलं. "तू म्हनलीस वता, न्हाईतर तेल टाका," ते हळू बोलत होते, मला नव्हे, टपाला सांगितल्यासारखं. "वतायचं जिवावर आलं. म्हनलं तेल वरच्या वर ऱ्हाईल, पिल्लं खाली हायेत. तुझंबी नाव ऱ्हाईल आन् पिल्लंबी. कुनाचंच काय जात न्हाई." मग बाटली माझ्या हातात देऊन ते ओसरीवर जाऊन बसले. मी साहेबांच्या तपासणीला उशिरा पोचले आणि दिवसभर पिंपं बघितली. तेलाचं वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडातून निघालं नाही.

आठव्या दिवशी टपातली पिल्लं उठली. सकाळी मी भांडी घासायला पडवीत गेले तर पाणी भरून पिल्लं, खाली, वर, मधे, नुसती धावपळ. मी मोठ्याने हाका मारल्या. मामा आले. टपापासून दोन पावलांवर थांबले, हात पाठीमागे बांधलेले.

"बघा की जवळून."

"दिसतंय," ते म्हणाले. "बेस झालं."

आणि वळून गेले. टपातल्या पिल्लांना खाणं घालायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. मी घाईत टाकते, कधी जास्त पडतं, कधी विसरते. मामांना ते दिसतं. ते लांबूनच सांगतात, "कमी टाक," "पानी बदल." पण टपाला हात लावत नाहीत. मी चिडले, विनवलं, मुलाला फोनवरून सांगायला लावलं. मी बोललेलं मामांनी ऐकलं नाही, अशी ही पहिलीच गोष्ट.

परातीत आता पाच उरली आहेत. त्यांच्यापाशी मामा रोज सकाळी बसतात, बलक कालवतात, एकेकाच्या तोंडाशी थेंब सोडतात. हात थरथरतो, पण थेंब बरोबर पडतो. परवा न राहवून मी विचारलं, "मामा, ह्यांना तुमच्या हातानं चारताय, मंग टपातल्यांना का न्हाई?"

त्यांनी मान वर केली नाही. "त्यांची आजून समदी जिनगी ऱ्हायलीय," ते म्हणाले. "ह्यांचं आता माझ्या हातानं आनखी काय वाईट व्हायचंय?"

मी ड्रॉपर धुऊन आणला आणि त्यांच्या हातात दिला.